मोफत सल्ल्याची पोचपावती

परदेशी शिक्षणाचे मोफत सल्लागार, आमचे मार्गदर्शक, आदरणीय सर यांना,

कोपरापासून नमस्कार, विनंती विशेष.

पत्र उघडं लिहिते आहे, कारण बंद निरोपांना तुम्ही उत्तर देत नाही. व्हिसा लागेपर्यंत तुमच्या पुण्यातल्या डेक्कनच्या ऑफिसातून एवढे फोन यायचे, की आई म्हणायची, सख्खा मामासुद्धा इतकी चौकशी करत नाही. मग फीचा पहिला हप्ता बर्लिनच्या कॉलेजात जमा झाला आणि तुमचा फोन जो व्यस्त झाला, तो आजतागायत. मध्ये एकदाच तुमचा मेसेज आला. म्हटलं, पोरगी जगली का मेली ते विचारत असतील. तर मजकूर असा: ‘बेटा, दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठव ना. मागे ब्रांडेनबुर्ग गेट दिसू दे. आणि ओळखीच्या मुली पाठवल्यास तर प्रत्येकीमागे दहा हजार.’ व्हिडिओ काही जमला नाही, सर. त्याऐवजी हे पत्र गोड मानून घ्या.

कोल्हापुरातल्या हॉटेलच्या एसी हॉलमधलं तुमचं सेमिनार आमच्या घरात अजून गाजतंय. पहिल्याच स्लाइडवर आनंदीबाई जोशी. ‘१८८३ साली एक मराठी मुलगी एकटी अमेरिकेला जाऊ शकते, तर तुम्ही २०२४ साली जर्मनीला का नाही?’ टाळ्यांचा कडकडाट. इचलकरंजीहून दुकान बंद ठेवून आलेल्या माझ्या पप्पांनीही हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

आनंदीबाईंना कामाला लावायचंच होतं, तर जरा नीट लावायचं. जायच्या आधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात लोकांसमोर उभं राहून त्यांनी आपण का जातो, कशासाठी जातो, याचा जाहीर खुलासा केला होता. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं, ते एका मासिकात छापलेली पत्रं वाचून. कुठल्या कॉलेजनं त्याबद्दल त्यांना टक्का दिल्याची नोंद नाही. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तुम्ही ज्या कोल्हापुरात माइक हातात घेऊन उभे होतात, तिथल्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. पण क्षयानं खंगून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती झाली. ही स्लाइड तुमच्याकडे नव्हती, की वेळेअभावी वगळलीत? कारण आनंदीबाईंनंतर लगेच पडद्यावर आला तो कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता.

आणि मग तुमचं ते सुवर्णवाक्य: ‘जर्मनीत शिक्षण फुकट असतं.’

यात खोटं काहीच नव्हतं. इथल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सहामाहीला काही शे युरो वर्गणी तेवढी भरायची. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपाबाहेरच्यांकडून २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानंही २०२४ पासून फी लावली आहे. पण एवढे अपवाद सोडले, तर तुमचं वाक्य सोळा आणे खरं. फक्त माझ्यासमोर सरकवलेल्या फॉर्मला ते लागू नव्हतं. तो एका खासगी कॉलेजचा होता, वर्षाला बारा हजार युरो. दोन वर्षांचे चोवीस हजार, म्हणजे तेव्हाच्या त्र्याण्णवच्या आसपासच्या भावानं बावीस लाखांच्या वर. पप्पांनी विचारलं, ‘फुकट म्हणाला होता ना?’ तुम्ही खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणालात, ‘काका, सात पॉइंट सहावर पब्लिक युनिव्हर्सिटी? पोरीचं वर्ष वाया घालवायचंय का?’ वर्ष वाया जाणं या एका भीतीवर आमच्या भागात घरं गहाण पडतात, हे तुम्ही बरोब्बर ओळखलं होतंत.

सात पॉइंट सहाचा, म्हणजे माझ्या पदवीच्या गुणांचा, हिशेब मी पुढे गोदामात काम करताना मधल्या सुट्टीत, पार्सलच्या लेबलामागे मांडला. तुमच्या सोयीसाठी इथे देते, तुमच्या ऑफिसात कॅल्क्युलेटर नसावा. सर्वोच्च गुण १०, त्यातून माझे ७.६ वजा केले, राहिले २.४. पासाची हद्द ४, ती दहातून वजा केली की ६. भागाकार ०.४. त्याला तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. आले २.२. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. कितीतरी सार्वजनिक विद्यापीठांच्या मास्टर्सची अट असते २.५ किंवा त्याहून चांगलं. म्हणजे तुमच्या टेबलावर नापास ठरलेली मुलगी जर्मनीच्या हिशेबानं अटीत बसत होती. हे सूत्र काही तिजोरीत ठेवलेलं नाही. बव्हेरियाच्या नावानं ओळखलं जातं आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर उघडं पडलेलं आहे.

अर्जाचा खर्च? विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट संस्थेमार्फत पहिला अर्ज ७५ युरो, पुढचा प्रत्येक ३० युरो. पाच ठिकाणी अर्ज करायला १९५ युरो लागले असते. अडचण एवढीच, की त्यातला एकही सेंट तुमच्याकडे आला नसता. सार्वजनिक विद्यापीठं मुली आणून देण्याचे पैसे देत नाहीत. खासगी कॉलेजं देतात, पहिल्या वर्षाच्या फीतला टक्का. तुमच्या पाटीवर ‘मोफत समुपदेशन’ लिहिलंय ते म्हणूनच. गिऱ्हाईक आम्ही नव्हतोच, आम्ही माल होतो. आणि मालाकडून कोणी हमाली घेत नाही, हा तुमचा मोठेपणा मान्य करायलाच हवा.

आता ‘राजासारखी राहशील’ या तुमच्या आश्वासनाकडे वळू. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी भरून ठेवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. हे पैसे आपलेच, कर्ज काढून भरलेले. पण तुम्ही ते पप्पांना असे काही सांगितलेत, की ते शेजाऱ्यांना सांगत सुटले, जर्मन सरकार पोरीला महिना नव्वद हजार देणार आहे. सरकारच्या या औदार्यातून माझी खोली ६२० युरो, आरोग्य विमा एकशे चाळीसच्या आसपास, रेल्वे-बसचा मासिक पास २०२५ मध्ये ५८. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घराला महिना १८.३६ युरो, घरात रेडिओ-टीव्ही नसला तरी. ती आम्ही वाटून घेतो. फोनचे पैसे गेले, की जेवायला दीडशे युरो उरतात. बर्लिनमध्ये दीडशे युरोंत महिनाभर राजासारखं जेवणाऱ्या राजाचा पत्ता तुमच्याकडे असेल, तर कळवावा.

खोलीचं मात्र सविस्तर सांगते, कारण ती तुमच्या ‘अकोमोडेशन पार्टनर’ची कामगिरी. एका फ्लॅटमध्ये सहा मुली, एका खोलीत दोन पलंग आणि तिसरीसाठी गादी. तीही गादी आम्ही पाळीपाळीनं घेत होतो, पण त्याचं काही नाही, हॉस्टेलमध्ये कोण राजकन्या असते. घोळ वेगळाच होता. जर्मनीत घर घेतलं की दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं आणि ते देणं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या पार्टनरनं सांगितलं, ‘टेम्पररी आहे ना, पत्र मिळणार नाही.’ पत्र नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून करक्रमांक नाही, आणि करक्रमांक नसला की पगारावर सगळ्यात चढा कर. राहण्याच्या परवान्याची फाइलही तिथेच अडकते.

त्यात इथल्या इमारतींत फ्लॅटला नंबर नसतात, असतात फक्त नावं. खाली दाराशी पत्रपेट्यांची ओळ, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी. पट्टीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. आणि इथे सगळं पत्रानंच येतं. बँकेचा पिन पत्रानं, विम्याचं कार्ड पत्रानं, बोलावणं पत्रानं. मी वहीच्या कागदावर आडनाव लिहून सेलोटेपनं चिकटवलं. संध्याकाळी पार्टनरच्या माणसानं ते खरवडून काढलं. सहा पोरी राहतात हे इमारतीला कळायला नको होतं. मी पुन्हा चिकटवलं, त्यानं पुन्हा काढलं. पेटीच्या पत्र्यावर सेलोटेपचा चिकट चौकोन तेवढा राहिला. तोवर विम्याचं पत्र ‘या पत्त्यावर असं कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं होतं. इन्स्टाग्रामवर तुम्ही टाकलेल्या अभिनंदनाच्या पोस्टरवर माझं नाव केवढं ठळक होतं, सर! त्यातली चार अक्षरं जरी त्या पेटीवर राहिली असती, तरी माझं काम भागलं असतं.

दुसरी खोली शोधताना तुमचं आणखी एक आश्वासन कामी आलं: ‘मुलींसाठी एकदम सेफ.’ खोल्यांच्या जाहिरातींना उत्तरं पाठवली, की बहुतेक ठिकाणी शुकशुकाट असायचा. तत्परतेनं उत्तर देणारे दोन प्रकारचे. एक जण स्वतः परदेशात असायचा, किल्ली कुरिअरनं पाठवणार, अनामत आधी द्या म्हणायचा. दुसरा पैसेच मागायचा नाही, फोटो मागायचा. कायद्यानं इथे अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क आहे. हे मला मराठी मंडळींच्या गणपतीत भेटलेल्या एका ताईंनी सांगितलं, मोदक वाढता वाढता. त्या ताईंनी त्या दुपारी जे दिलं, त्याला खरं तर मोफत समुपदेशन म्हणतात. पण त्यांचं ऑफिस नाही आणि ब्रांडेनबुर्ग गेटचं पोस्टरही नाही.

एक गोष्ट खरी आहे, ती नाकारणार नाही. शनिवारी रात्री दोनला मी भुयारी रेल्वेनं एकटी घरी येते. आठवड्याअखेरी ती रात्रभर चालते. इचलकरंजीत रात्री नऊनंतर मला आणायला भाऊ यायचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. हे स्वातंत्र्य मला आवडतं, आणि ते या शहरानं दिलंय. याचं श्रेय तुम्ही तुमच्या पुढच्या स्लाइडवर घेणार, हे ठाऊक असूनही लिहिते आहे.

‘इंग्लिश पुरेशी आहे, सगळे बोलतात.’ वर्गात बोलतात हो. बेकरीत उभं राहून काम करायचं, तर मालकीणबाई पावाचे वीस प्रकार जर्मनमध्ये विचारतात. जर्मन न येणाऱ्यांसाठी पाठीवर चौकोनी पिशवी लटकवून सायकलवरून जेवण पोचवायचं किंवा गोदाम. मला गोदाम मिळालं. किराणा मालाचं, शीतविभागात. अंगावर दोन स्वेटर, हातात मोजे, पण मोजे घातले की स्कॅनरचं बटण दाबलं जात नाही. म्हणून उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं बोट कापलेले मोजे. दही, चीज, दूध, पुन्हा दही. डिसेंबरात बाहेर चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे आत गेल्यावर काय आणि बाहेर आल्यावर काय. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं आणि ते वेळेवर मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं. तुम्ही मांडलेल्या तक्त्यात मी वर्षभर रोज कामाला जात होते आणि शिवाय कर्जही फेडत होते.

तुमच्या ऑफिसपासून रिक्षानं वीस मिनिटांवर, बोट क्लब रोडला, जर्मन शिकवणारं मॅक्समुल्लर भवन आहे. निघायच्या आधी माझ्या हातात सहा महिने होते. जर्मन शिकू का, म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘कशाला पैसे घालवतेस? तिथे गेल्यावर आपोआप येते.’ आपोआप इथे फक्त सर्दी येते. भाषा मी पालिकेच्या फोल्क्सहोखशूलेत संध्याकाळच्या वर्गात शिकले, गोदामाच्या पाळीनंतर. आता बी-वन पातळीपर्यंत पोचले आहे. घरमालकिणीशी भांडताना क्रियापद शेवटी टाकायचं भानही राहतं.

‘दोन वर्षांत पीआर’, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, हे तुमचं सर्वांत कलात्मक काम. इथल्या कायद्यात दोन वर्षांची तरतूद खरंच आहे. पदवी इथली हवी, त्यानंतर शिक्षणाला साजेशी नोकरी, त्या नोकरीत चोवीस महिने निवृत्तिवेतनाचे हप्ते, शिवाय बी-वन जर्मन. तुम्ही यातले ‘दोन वर्षं’ तेवढे शब्द उचललेत आणि ते माझ्या विमानाच्या तिकिटाला जोडलेत. बाकीचा कायदा तसाच राहू दिलात. आणि ज्या प्रकारची कॉलेजं तुम्ही विकता, त्यांचं काय होऊ शकतं तेही ऐकून ठेवा. २०२५ मध्ये बर्लिनच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयानं एका खासगी विद्यापीठाच्या काही भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडायला सांगितलं. अभ्यासक्रम पुरेसा प्रत्यक्ष वर्गातला नाही, असं कारण दिलं गेलं. त्यांच्याही घरी कोणीतरी पेढे वाटले असतील.

माझं कॉलेज निदान प्रत्यक्ष आहे. एका जिमच्या वरचे दोन मजले. व्याख्यान चालू असताना खालून वजनं आदळल्याचा आवाज येतो. प्राध्यापक चांगले आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त तुमच्या ब्रोशरमधली हिरवळ कुठली होती, ते शोधायचं राहून गेलं.

सगळ्यात कौतुक तुमच्या धंद्याच्या पायाचं. पोरगी परत येऊ शकत नाही, यावर तो उभा आहे. मुलगा परत आला तर लोक म्हणतात, तिकडे जमलं नाही. मुलगी परत आली तर म्हणतात, तिकडे काहीतरी झालं. इन्स्टाग्रामवरचं तेच पोस्टर मोठं छापून आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरही लागलं होतं. मावशीनं तेवढ्यात तीन स्थळांना ‘जर्मनीत असते’ म्हणून कळवूनही टाकलं. अशा पोस्टरनंतर कुठल्या मुलीची व्हिडिओ कॉलवर रडायची छाती आहे? मी आईला सांगते, ‘मस्त चाललंय.’ माझ्यासोबतच्या पाचही जणी आपापल्या आयांना तेच सांगतात. ते ऐकून त्या आया शेजारणीला तुमचा पत्ता देतात. तुम्हाला जाहिरातीला खर्च करायची गरजच काय?

जर्मनीनं माझ्यापासून काहीही लपवलेलं नाही, हे या सगळ्यात मला फार बोचतं. बंद खात्याची रक्कम, कामाचे दिवस, घराची नोंदणी, पीआरच्या अटी, सगळं सरकारी पानांवर लिहिलेलं आहे, बरंचसं इंग्रजीतही. तुम्ही माहिती विकली नाहीत, सर. तुम्ही माहितीसमोर आडवे उभे राहिलात आणि त्या उभं राहण्याचे पैसे पलीकडून घेतलेत.

मी परत येत नाहीये. प्रबंधाचं शेवटचं काम चालू आहे, गोदाम सुटलंय, एका ऑफिसात अर्धवेळ काम मिळालंय, तिथे दिवसभर जर्मन बोलावं लागतं. २०२५ मध्ये युरो शंभरीच्या पार गेला, त्यामुळे दुसऱ्या वर्षाची फी पहिल्यापेक्षा महाग पडली. कर्ज फिटायला वेळ लागेल, पण ते मी फेडणार आहे. हे ऐकून तुम्ही माझं नाव यशोगाथांत घालाल, म्हणून इथेच स्पष्ट लिहिते. माझा फोटो, नाव आणि व्हिसाचं चित्र तुमच्या सगळ्या पानांवरून आणि भिंतींवरून काढा. आणि माझ्या कॉलेजनं माझ्यापोटी तुम्हाला किती युरो दिले, तो आकडा पप्पांना लेखी कळवा. पत्ता तुमच्याकडे आहे, गहाणखतावरही तोच आहे.

आता दोन शब्द तुमच्या पुढच्या सेमिनारला येणाऱ्या मुलींसाठी. इचलकरंजीच्या, कराडच्या, सांगलीच्या, कुठल्याही. जर्मनीतले अभ्यासक्रम डीएएडी या जर्मन शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळावर फीसकट मिळतात, शोधायला पैसे पडत नाहीत. भारतातून जाणाऱ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज स्वतः करता येतो. आपले गुण वर दिलेल्या सूत्रात स्वतः घालून बघा. राहायची जागा घेताना पहिला प्रश्न विचारा, नोंदणीसाठी मालकाचं पत्र मिळणार का. आणि सर ‘बेटा’ म्हणाले की त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवा: या कॉलेजकडून तुम्हाला किती मिळतात, ते लिहून सही करा. त्यांनी सही केली नाही, तर वडिलांना घेऊन उठा.

तुमच्याच यादीतली एक,
बर्लिन